गोड बातमीचं पथ्य

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला एकटीनं वर जायला मिळत नव्हतं. कुणीतरी असायचंच, आणि तळमजला ते सातवा मजला एवढ्या वेळात त्या कुणीतरीला एकच विचारायचं असायचं, ‘काय मग, काही गोड बातमी?’ मी ‘नाही’ म्हणायचे. मग समोरची ‘होईल गं, होईल’ म्हणत माझ्या पाठीवर थोपटायची, जणू मी दहावीला नापास झालेय. एकदा मी वैतागून म्हणाले, ‘आहे ना, आज टाकीत दोन्ही वेळेला पाणी येणारेय.’ त्यानंतर ती बाई जिन्यानं जायला लागली. तिच्या गुडघ्यांना त्याचा फायदाच झाला असेल, पण माझं नाव सोसायटीत तिखट म्हणून पडलं ते पडलंच.

खरं तर गोड बातमी एकदा येऊन गेली होती. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो आणि पडद्यावर ठोके दिसले नाहीत. ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत, म्हणून ते सोडून देते. सांगता येतं ते त्याच्या नंतरचं, कारण त्यानंतर घरोघरी तपास सुरू झाला की हिनं खाल्लं काय. माझी मावशी फोनवरून उलटतपासणी घ्यायची. तिळाचा लाडू? नाही. बाजरीची भाकरी? नाही. अननस? नाही. मग मीच मूर्खासारखं आठवून आठवून कबूल केलं की अंधेरीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एकदा फळांची डिश घेतली होती आणि तिच्यात पपईच्या चार फोडी होत्या. मावशीनं पलीकडे असा सुस्कारा सोडला की खटल्याचा निकाल लागला हे मला ऐकू आलं.

दोन दिवसांत वरच्या-खालच्या मजल्यांना पपई माहीत झाली. बाभई नाक्यावरचा फळवाला मला बघून पपया मागे सरकवायचा, त्याला कुणी सांगितलं देव जाणे. एकट्या माझ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या मूळच्या मालवणकडच्या, एरवी तोंडाचा पट्टा असा की भाजीवाला वजनाआधीच चार मिरच्या जास्त टाकतो. पण पपईवर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि मला वाटलं, हा सगळ्यात मोठा आरोप आहे. मी दीड वर्षं तो मनात धरून बसले. पपईनं बाळ गेलं हे मला पटत नव्हतं, आणि रात्री जाग आली की पटायचं.

मग डॉक्टर बदलली. ही नवी बाई पन्नाशीची, केस आखूड कापलेले, बोलणं त्याहून आखूड. तिनं पपईची कथा पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, ‘कच्ची होती?’

‘नाही, पिकलेली.’

‘मग त्या पपईची माफी माग. आणि रक्त देऊन ये.’

रक्त दिलं आणि कागद आले. तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेली. थायरॉइड बिघडलेलं. ड जीवनसत्त्व जवळपास नाहीच, म्हणजे मुंबईच्या एवढ्या उन्हात आयुष्य घालवून माझ्या अंगात कवडसाही शिरला नव्हता. डॉक्टरनं वजनकाट्यावर उभं केलं आणि काट्याकडे बघून नुसतं ‘हं’ म्हटलं. त्या ‘हं’चा मला जेवढा राग आला तेवढा लिफ्टमधल्या बाईचाही आला नव्हता.

‘मागच्या वेळी यामुळेच गेलं का?’ मी विचारलं.

‘सांगता येणार नाही,’ ती म्हणाली. ‘सुरुवातीला जातात त्यातली पुष्कळशी गर्भातच गुणसूत्रांची जोडणी नीट न झाल्यानं जातात. आईनं काही खाल्लं, उचललं, रडली, यानं नाही. पण साखर आणि थायरॉइड असं वर असेल तर धोका वाढतो, आणि हे दोन आपल्या हातात आहेत. जे हातात आहे ते आधी करू. चार महिने गोड बंद, फॉलिक ॲसिड आणि थायरॉइडची गोळी सुरू, रोज चालणं. मग बघू.’

तर अशा रीतीनं गोड बातमीसाठी गोड बंद झालं. नवऱ्यानं मला साथ म्हणून स्वतःचंही बंद केलं. रोज पहाटे आम्ही नॅशनल पार्कात चालायला जायचो. चार महिन्यांत त्याचं वजन सहा किलो उतरलं आणि माझं दोन. सासूबाई त्याच्या गालांकडे बघून हळहळायच्या. ‘पोर सुकलो माझो,’ म्हणायच्या. पस्तिशीच्या पोराचं पोट पहिल्यांदा पँटमध्ये मावत होतं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

पाचव्या महिन्यात साखर खाली आली आणि डॉक्टर ‘हं’ऐवजी ‘बरं’ म्हणाली. त्याच्या पुढच्या महिन्यात घरच्या घरी केलेल्या चाचणीवर दोन रेघा आल्या. मी बाथरूममध्येच बसून रडले. आनंद होता की भीती, हे मला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर लागलं होतं. नववा आठवडा. तो ओलांडला की मी श्वास घेणार होते.

बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या गॅस बंद करून थेट देवाकडे गेल्या, देवापुढे साखर ठेवली आणि तीच चिमूटभर माझ्या तळहातावर. मी साखरेकडे बघत राहिले.

‘आई, साखर बंद आहे ना मला.’

‘हा परसाद आसा गो. परसादाक साखर म्हणत नाय.’

मी चार दाणे जिभेला लावले आणि उरलेले गाऊनला पुसले. नंतर मुंग्यांनी गाऊनची वाट लावली, पण देवही राहिला आणि पथ्यही.

तीन महिने बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. हा नियम ज्यानं केला त्यानं ऑफिसात नोकरी केलेली नसावी. आमच्या विभागात बावीस माणसं, आणि प्रत्येक वाढदिवसाला केक तोंडात कोंबायची पद्धत. मी पहिल्यांदा दात दुखतोय म्हटलं, तर एकानं डेंटिस्टचा नंबर दिला. दुसऱ्यांदा डाएट म्हटलं, तर ‘यार, एका तुकड्यानं काय होतं’ म्हणत तिघी अंगावर आल्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, नवस आहे. सगळे दोन पावलं मागे सरकले. केकचा तुकडा हवेत थांबला. नवसाशी कुणी हुज्जत घालत नाही. एकीनं तर कुठल्या देवाचा ते विचारून घेतलं, आणि मी घाईत एक देव सांगितला. पुढच्या आठवड्यात तिनंही त्याच देवाला नवस बोलून आइस्क्रीम सोडलं. तिचं काम झालं म्हणे. माझ्या तोंडून सुटलेला देव तिला पावला.

घरची लढाई मात्र वेगळीच होती. सासूबाईंच्या जगात खाण्याचे दोनच प्रकार, गरम आणि थंड. त्याचा चुलीशी संबंध नाही. गूळ गरम, साखर थंड. तीळ गरम, सब्जा थंड. अंडं गरम, आणि बर्फातून काढलेलं असलं तरी गरमच. आणि पोटुशी बाईनं पहिले तीन महिने थंड खायचं, नाहीतर उष्णतेनं सगळं वाहून जातं. म्हणजे डॉक्टरच्या हिशेबात जो सगळ्यात मोठा शत्रू, तोच सासूबाईंच्या हिशेबात रखवालदार. डॉक्टर म्हणे साखरेनं बाळाला धोका, सासूबाई म्हणत साखरेनं बाळ राहतं. मी मधे, हातात बोटं टोचायचं यंत्र घेऊन.

मी समजावून पाहिलं. कागद दाखवले. नवऱ्यानं वहीत चित्र काढून दाखवलं की साखर रक्तात जाते तेव्हा काय होतं. सासूबाईंनी चित्र लक्ष देऊन बघितलं आणि विचारलं, ‘ह्यात उष्णता खंय आसा?’ नवऱ्याला ती दाखवता आली नाही. विषय तिथेच संपला.

शेवटी तह झाला. गुलकंद नाही, शिकरण नाही, खीर नाही. त्याबदल्यात रोज सकाळी त्या देतील ते धण्याचं पाणी मी प्यायचं. धणे रात्री भिजवायचे, सकाळी गाळून द्यायचे, उष्णतेवर उत्तम. धण्यांनी कुणाचं काय बिघडणार, मी म्हटलं, द्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते, ती मी त्याच पाण्याबरोबर घ्यायला लागले, म्हणजे दोन कामं एका पेल्यात. सहा वाजता सासूबाई तांब्याचा पेला घेऊन उशाशी उभ्या राहायच्या, मी डोळे मिटून गटागटा प्यायचे आणि पुन्हा आडवी व्हायचे. अर्ध्या तासानं बोट टोचून उपाशीपोटीची साखर बघायची.

उपाशीपोटीचा आकडा पंच्याण्णवच्या आत हवा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. सहाव्या आठवड्यात माझा एकशे बारा आला. मग एकशे अठरा. मग एकशे वीस. नवऱ्यानं फ्रिजवर तक्ता लावला, त्यात लाल पेननं गोल केले आणि बाजूला कारणांचे रकाने आखले. रात्रीचं जेवण, झोप, ताण, पावलं. तो प्रत्येक रकान्यात टिकमार्क करायचा आणि एकही रकाना दोषी निघायचा नाही. मी रात्री भाकरी अर्धी केली. मग सोडलीच. भेंडी आणि ताक एवढ्यावर झोपायला लागले, तरी सकाळचा आकडा तिथेच. जेवणानंतरचे आकडे बरोबर, बिघडलेला नेमका न खाल्लेल्या वेळेचा. डॉक्टरही चक्रावली.

‘रात्री उठून काही खातेस का?’

‘नाही मॅडम.’

‘खरं सांग.’

मी खरं सांगत होते आणि मला चोरासारखं वाटत होतं. ती म्हणाली, अजून चार दिवस बघू, नाहीतर इन्सुलिन सुरू करू. इन्सुलिनची मला भीती नव्हती. मला भीती होती ती ही, की माझं शरीरच असं आहे. काही न खाता ते साखर बनवतंय, आणि मागच्या वेळीही त्यानंच केलं असणार. सातवा आठवडा संपत आला होता.

मग एका रविवारी नवरा लवकर उठला. मी अजून अंथरुणात, पेला उशाशी टेबलावर. त्याला तहान लागली होती, त्यानं पेला उचलून तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला.

‘आई,’ तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, ‘सरबत झकास झालंय. कसलं केलंस?’

मी उठून बसले. पेला हातात घेऊन वास घेतला, धणे. चाखून बघितलं, आणि मला काहीच कळलं नाही, कारण दिवस गेल्यापासून माझ्या तोंडाला सगळंच लोखंडासारखं लागत होतं. नवऱ्यानं पेल्यात बोट घालून तळाशी फिरवलं आणि खडीसाखरेचा न विरघळलेला खडा वर काढला. तो खडा त्यानं खिडकीच्या उजेडात धरला. एवढे रकाने आखलेला माणूस, पण खडीसाखरेचा रकाना त्याच्याकडे नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी आवाज चढवणार नव्हते. पण चढला.

‘तीन आठवडे? तीन आठवडे तुम्ही मला हे पाजताय?’

‘थोडीशीच गो. धण्यात साखर नसली तर ता काय लागू पडत नाय. दोन खडे.’

‘मी उपाशी झोपतेय. मी भाकरी सोडली. डॉक्टर मला खोटारडी समजतेय.’

‘तुका म्हायत नाय उष्णता काय करता ती,’ त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापरा झाला होता, पण मला तेव्हा आवाज ऐकायचा नव्हता.

‘उष्णता, उष्णता. तुम्हाला हे मूल नकोच आहे का?’

हे मी म्हणाले. मागे घ्यायला पाहिजे होतं, तिथल्या तिथे. घेतलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातला पेला घेतला, घासला, पुसला, फळीवर पालथा ठेवला आणि त्यांच्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याबरोबर गोळी घेतली. आकडा आला एक्क्याण्णव. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकोणनव्वद. नवऱ्यानं हिरवं पेन आणलं. डॉक्टरला फोन करून खडीसाखरेचं सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. घरात मात्र कुणी हसत नव्हतं. एरवी ज्या घरात सासूबाईंच्या आवाजाला मिक्सरही दबून असतो, तिथे नऊ दिवस फक्त ‘जेवण काढलाय’ आणि ‘दार लावून घे’ एवढंच ऐकू येत होतं. माझ्याही तोंडून चुकले हा शब्द निघत नव्हता. तिखट नाव काही उगाच पडत नाही.

नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी मंगळवारी होती. निघताना बघते तर सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, चष्म्याची पेटी हातात घेऊन दाराशी उभ्या. आजवर त्या कधी दवाखान्यात आल्या नव्हत्या. येऊ का असं त्यांनी विचारलं नाही आणि नको असं मी म्हटलं नाही. रिक्षात नवरा मधे बसला.

आत मी पडद्याकडे बघितलंच नाही. छताच्या पंख्याकडे बघत राहिले. डॉक्टर नळी फिरवत होती, मी पंख्याची पाती मोजत होते. मग तिनं एक बटण दाबलं आणि खोलीभर ठोक्यांचा आवाज झाला, भराभर, दम लागल्यासारखा. नवरा डोळे पुसायला भिंतीकडे वळला. मला हसू येत होतं आणि कानांत पाणी जात होतं. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले.

नंतर डॉक्टरच्या टेबलाशी बसलो. खुर्च्या दोनच, म्हणून नवरा उभा. डॉक्टरनं सगळे आकडे बघितले, म्हणाली, ‘छान. असंच चालू दे. आणि आजींनी यापुढे साखर स्वतःच्या चहात घालायची.’ ती थट्टेत म्हणाली होती. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्म्याची पेटी टेबलावर ठेवली.

‘बाय, एक इचारू? ह्याच्या आधी माझा एक होता,’ नवऱ्याकडे बोट करत त्या म्हणाल्या. ‘तिसरो म्हयनो लागलेलो.’

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला हे माहीत नव्हतं. मला नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

माहेरी भावानं कुर्ल्या आणल्या होत्या, त्या सांगू लागल्या. खाडीतले, भरलेले खेकडे. कुर्ल्या गरम, पोटुशीनं खायच्या नसतात हे ठाऊक होतं, पण वास सुटला आणि राहवलं नाही. तीन खाल्ल्या. आठ दिवसांनी सगळं गेलं. सासूनं विचारलं, त्यांनी कबूल केलं, आणि सासू मरेपर्यंत म्हणत राहिली की हिनं कुर्ल्यांपायी पोर घालवलं. आमच्या घरी महिन्यातून एकदा कुर्ल्यांचं सार होतं. त्या रांधतात, वाढतात आणि स्वतः वरणभात घेतात. अंगावर उठतं, असं सांगत आल्या होत्या, आणि आम्ही ते ऐकत आलो होतो.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. ‘ताप होता तेव्हा? साखर, थायरॉइड काही तपासलं होतं?’

‘तेव्हा कोण तपासतला? माका कोणी काय इचारल्यानच नाय. खाल्लंस काय तेवढाच इचारल्यानी.’

‘आजी, नक्की का गेलं ते आज कुणालाच सांगता येणार नाही. पण शिजवलेल्या कुर्ल्यांनी मूल जात नाही. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं.’

मला वाटलं सासूबाई आता रडतील. त्या म्हणाल्या, ‘ह्या माका कागदार लिवन देशात?’

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग तिनं औषधं लिहायचा कागद पुढे ओढला आणि मराठीत, मोठ्या अक्षरात, शाळेतल्यासारखं लिहायला लागली. सासूबाई पुढे वाकून बघत होत्या.

‘खेकडे नको,’ त्या म्हणाल्या. ‘कुर्ल्या लिवा.’

डॉक्टरनं खेकडे खोडलं आणि वर कुर्ल्या लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला. सासूबाईंनी कागदाची घडी घातली नाही, तसाच दोन्ही हातांत धरून त्या बाहेर आल्या.

‘आई, कुणाला दाखवायचाय?’ नवऱ्यानं हळूच विचारलं. त्यांची सासू जाऊन वीस वर्षं झाली होती.

‘कोणाक नाय,’ त्या म्हणाल्या. ‘माका वाचूचो आसा.’

टेबलावर राहिलेली पेटी मी त्यांना आणून दिली आणि त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि मला जे नऊ दिवस म्हणता आलं नव्हतं ते म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. रिक्षा येईपर्यंत त्यांनी तो कागद तीनदा वाचला, आणि प्रत्येक वेळी शेवटी सहीवर बोट ठेवून बघितलं.